दिवा लागल्यावरचं नाव

तेलाला तेल का म्हणतात असं कुणी विचारलं, तर तुम्ही-आम्ही म्हणू, मग काय दगड म्हणायचं? पण रेश्माला हा प्रश्न सातवीत असताना पडला आणि तेव्हापासून तिच्या डोक्याला जी भुणभुण लागली ती लागलीच. लग्न होऊन ती राहीबाईंच्या घरी आली ती हा रोग घेऊनच. भाकरी थापता थापता मध्येच हात थांबायचा आणि बाई म्हणायची, "आत्याबाई, तूप हा शब्द कानडी आहे, माहितीय का तुम्हाला?"

राहीबाई तिच्या सासूबाई. त्या म्हणायच्या, "कानडी असू दे न्हाईतर गुजराती. भाकर करपती ती बघ आधी."

संगमनेरपासून नदीपलीकडं, टेम्पोनं अर्ध्या तासावर त्यांचं गाव. थोडा ऊस, थोडा कांदा आणि दारात गाया. रेश्मा मराठी घेऊन एम.ए. झालेली, आणि काम काय, तर गावातल्या दूध केंद्रावर सकाळ-संध्याकाळ दुधाचं माप घ्यायचं, फॅट तपासायची आणि आकडा माईकवर ओरडायचा. नवरा करण त्याच दुधाचा टँकर चालवायचा. एके दिवशी सकाळी आकडे ओरडता ओरडता बाईंची गाडी रुळावरून घसरली. माईकवरच सुरू झाल्या, "मंडळी, दूध म्हणजे काय? दुहून काढलेलं ते दूध. म्हणजे हा शब्द गाईचा नाही, काढणाऱ्याच्या हाताचा आहे बरं का!" रांगेतले शेतकरी किटल्या घेऊन तसेच उभे. एकजण म्हणाला, "अन् पाणी?" रेश्मा म्हणाली, "पानीय. पिण्याजोगं ते पाणी." तो म्हणाला, "मंग आमच्या नळाला येतं त्याला काय म्हनायचं?" सगळी रांग हसून हसून लोळायची बाकी राहिली.

करणनं ते मोबाईलवर घेतलं आणि बायकोला न विचारता पाठवून दिलं. कुठं? तर संगमनेरच्या एका कॉलेजनं स्वतःचा रेडिओ काढला होता, त्याचं नाव 'काठ रेडिओ'. आसपासच्या गावांत ऐकू जायचा. त्यांना रोज अर्धा तास बोलणारं माणूस हवं होतं. आठच दिवसांत बोलावणं आलं, आणि रेश्माच्या पायाखालची जमीन हलली. भीतीनं नाही हो, आनंदानं! दिवसभर आकडे ओरडणाऱ्या बाईला कुणीतरी म्हणत होतं, की बये, तू शब्द बोल.

पण नोकरी काही ताटात वाढून ठेवलेली नव्हती. उमेदवार तिघं. प्रत्येकाला एक दिवस थेट माईकवर बसवणार, आणि तिघांचं झालं की निवड. रेडिओच्या प्रमुख यामिनी मॅडम बोलायला मोजक्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "आवाज, उच्चार हे सगळं आम्ही बघू. पण खरी परीक्षा एकच. लोकांनी परत मागितलं पाहिजे." पहिल्या दिवशी मनवा नावाची मुलगी पाककृती सांगून गेली. दुसऱ्या दिवशी शौनक म्हणून एक पोरगा आला. त्याचा आवाज असा, की ऐकून रेश्माला वाटलं आपण घरीच जावं. तो गडकिल्ल्यांवर बोलला आणि फोनवर फोन आले. तिसरी रेश्मा. दुपारी चारची वेळ.

विषय ठरला होता 'डब्यातले शब्द'. स्वयंपाकघरातल्या डब्यांत जे जे असतं त्याची नावं कुठून आली, एवढंच. तयारी करून घेतली शामकांत सरांनी. हे मराठीचे निवृत्त शिक्षक, रेडिओवर हौसेनं येत. शब्दांचा नाद रेश्माला होता तर सरांना वेड होतं. कुठल्या शब्दाचं मूळ सापडलं की ते खुर्चीतून उठून उभेच राहत. "रेश्मा, तेल आधी, मग तूप, मग साखर," ते म्हणाले, "आणि मीठ शेवटी. मीठ म्हणजे हुकमाचा एक्का आहे, तो उगाच आधी टाकायचा नाही!"

इकडं घरी राहीबाई. घरात त्यांची भाषा ठरलेली, "हिचं तोंड म्हंजी पिठाची गिरन, आता रेडूवर दळन घालायची." पण गल्लीत बघाल तर बाई छाती काढून. "आमची रेश्मा रेडूवर बोलनार हाय, या ऐकायला." भजनी मंडळाचा स्पीकर मागून आणून ओट्यावर ठेवला. समोरच्या लंकाबाईला तर मुद्दाम जाऊन सांगून आल्या. लंकाबाई आणि राहीबाई एकाच वर्षी सुना म्हणून या गल्लीत आलेल्या, आणि तेव्हापासून एकमेकींचं कुसळ शोधण्यातच दोघींचं आयुष्य गेलेलं. एकीच्या पापडाला भेग गेली तरी दुसरीच्या घरी सण.

आणि दुपारी साडेतीनला कॉलेजच्या भागातली डीपी उडाली. लाईट गेली, रेडिओ गप्प. रेश्मा स्टुडिओच्या बाहेर बाकावर बसून घामाघूम. शामकांत सर तिच्याहून जास्त. ते खिडकीतून खांबावरच्या वायरमनला हातानंच घाई करत होते, जसं काही तो यांच्याकडंच बघून काम करतोय. अखेर लाईट आली तेव्हा यामिनी मॅडम म्हणाल्या, "आता सातला घेऊ. उलट बरंच, सात वाजता लोक घरी असतात." सगळ्यांना हायसं वाटलं. रेश्मानं करणला फोन करून वेळ कळवली आणि पुन्हा तेल, तूप, साखर, मीठ असं घोकायला लागली. सातला काय होतं, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

सात वाजले. लाल दिवा लागला. काचेपलीकडं यामिनी मॅडम कानाला यंत्र लावून बसलेल्या, शेजारी सर. सरांनीच सुरुवात केली, "नमस्कार मंडळी! आज आपण स्वयंपाकघरातले डबे उघडणार आहोत, आणि उघडणार आहेत रेश्माताई." आणि त्यांनी हात केला, की हाण!

रेश्मानं हाणलं. असं हाणलं की विचारू नका.

"मंडळी, घरात शेंगदाण्याचं तेल आहे का? नाही! असूच शकत नाही. कारण तेल म्हणजे तिळाचं. तीळ, त्यापासून तैल, त्याचं तेल. पूर्वी तिळाचंच असायचं, म्हणून नाव पडलं. पुढं शेंगदाणा आला, करडई आली, आणि त्यांनी तिळाची सगळी इस्टेट नावासकट बळकावली. खोबरं आणि तेल मिळून खोबरेल, एरंड आणि तेल मिळून एरंडेल. आणि रॉकेल? तुम्ही म्हणाल तेही त्यातलंच. अहो, ते साहेबाचं रॉक ऑइल, दगडातलं तेल! आपण त्याला असं घरात घेतलं की खोबरेलाचा चुलतभाऊ वाटावा."

काचेपलीकडं फोनचा दिवा लुकलुकला.  रेश्मा आणखी पुढं सरकून माईकला भिडली.

"आता तूप. पूजेत आपण घृत म्हणतो, जेवताना तूप. हे तूप कानडी आहे, तिकडं तुप्प म्हणतात. म्हणजे बघा, देवापुढं संस्कृत आणि भातावर कानडी! आणि साखर? आपल्या जिल्ह्याला साखर सांगायची म्हणजे माशाला पोहायला शिकवायचं. पण साखरेचा अर्थ गोड नाहीच मुळी. शर्करा म्हणजे खडे. रेती, बारीक कच. दाताखाली कचकच करते म्हणून शर्करा. इथून ती इराणात गेली, तिथं शकर झाली, अरबांनी सुक्कर केली, फिरत फिरत साहेबाकडं पोचली आणि शुगर होऊन परत आपल्याच दारात आली. म्हणजे साखर कारखाना आणि शुगर फॅक्टरी ह्या सख्ख्या बहिणी, एक माहेरी राहिली आणि एक जग फिरून आली. आणि डॉक्टर म्हणतो ना, आजोबा तुमची शुगर वाढलीय? तो म्हणतोय, तुमचे खडे वाढलेत!"

आता दिवा लुकलुकत नव्हता, लागूनच राहिला होता. सर काचेपलीकडं उभे राहिले होते. यामिनी मॅडम, ज्या काल शौनकच्या वेळी खुर्चीला टेकून बसल्या होत्या, त्या पुढं झुकल्या होत्या. रेश्माला आतून उकळी फुटत होती. जमतंय! बाई, जमतंय! आता फक्त एक्का टाकायचा.

"आणि आता शेवटचा डबा," ती म्हणाली. "सगळ्यात स्वस्त, सगळ्यात छोटा, पण त्याच्याशिवाय घरातलं पान हलत नाही. तो डबा म्हणजे..."

बोलता बोलता तिची नजर खिडकीकडं गेली. बाहेर अंधारून आलं होतं. कॉलेजच्या शिपायाच्या खोलीपुढं त्याच्या बायकोनं तुळशीपाशी दिवा लावला होता, आणि ती पदर सावरून हात जोडत होती.

रेश्माची जीभ टाळ्यालाच चिकटली.

त्याचं असं होतं. राहीबाईंच्या घरात दिवा लागल्यावर मिठाचं नाव घ्यायचं नाही. म्हणजे नाहीच. हवं असेल तर 'गोड' म्हणायचं. "आमटीत गोड कमी पडलंय," असं. नवीन सून म्हणून आली तेव्हा रेश्माला हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवाळीला, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, ती रात्री पंगतीत खणखणीत आवाजात म्हणाली, "मीठ घ्या कुणी मीठ!" राहीबाई भरल्या ताटावरून उठल्या, हात धुतला आणि त्या रात्री उपाशी झोपल्या. पंगतीत लंकाबाई होती. तिनं ती गोष्ट गावभर केली, "शिकलेली सून आनली अन् घरातलं मीठ रातीचं हाका मारून घालवलं." दुसऱ्या दिवशी राहीबाईंनी एवढंच सांगितलं, "दिवा लागल्यावर त्याचं नाव घेतलं की ते घर सोडून जातं. माझ्या सासूनं मला सांगितलं. मी जल्मभर पाळलं. तू इश्वास ठिवू नको, पन पाळ." तेव्हापासून रेश्मा पाळत आली होती.

विश्वास होता का तिचा? छे हो! नाव घेतल्यानं मीठ पळतं, तर कर्जाचं नाव घेतल्यावर ते का पळत नाही? पण प्रश्न विश्वासाचा नव्हताच. ह्या क्षणी ओट्यावर स्पीकर होता, स्पीकरपुढं गल्ली होती, गल्लीत लंकाबाई होती, आणि सगळ्यांच्या मध्ये राहीबाई बसलेल्या होत्या, माझी सून, माझी सून म्हणत. आणि त्याच सुनेनं आता दिवेलागणीला गावोगावच्या घरांत ते नाव ओरडून सांगायचं? पुढं लंकाबाईनं आयुष्यभर काय काय केलं असतं, ते सांगायलाच नको.

रेडिओवर गप्प बसणं म्हणजे मंगलाष्टकं चालू असताना भटजी निघून जाणं. मॅडम हातानं खुणावत होत्या, बोल, बोल! सरांनी कागदावर मोठ्या अक्षरात 'मीठ' लिहून काचेला लावलं. बिचाऱ्यांना वाटलं, पोरगी विसरली.

रेश्मानं कागदाकडं पाहून नकारार्थी मान हलवली. मग काय व्हायचं ते होवो म्हणून खरं तेच बोलली.

"मंडळी, माझी पंचाईत झालीय. हा कार्यक्रम दुपारी होणार होता, तो सातला झाला. आमच्या घरी दिवा लागल्यावर ह्या वस्तूचं नाव घेत नाहीत. माझ्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, आत्ता ओट्यावर बसून ऐकतायत. त्यांनी जन्मभर हे पाळलंय. मी त्यांना ऐकवून ते मोडणार नाही. तर नाव न घेता जेवढं सांगता येईल तेवढं सांगते."

सरांचा कागद खाली आला. मॅडमनी कपाळाला हात लावला. पण लगेच फोन जोडला. पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता. "मी गहिनीनाथ बोलतोय, उसाला पानी धरलंय. बाई, सांगा तुमी, बिननावाचं सांगा. मला तर कोडं घातल्यावानी वाटतंय!"

मग रेश्मा पुन्हा उसळली. "ओळखत जा हं! सिंधू नदीच्या मुलखातून जे येतं, उपवासाला चालतं, ते सैंधव. जुन्या भाषेत लवण. लवणात मुरवलं ते लोणचं. ज्यात लवण नाही ते अळणी. आणि आता ऐका, बाई देखणी असली की आपण म्हणतो, काय लावण्य आहे! लावण्य म्हणजे काय? लवणाचा गुण. खारटपणा! म्हणजे आपल्या पूर्वजांना गोरी-गोमटी नको होती, चवीची हवी होती!"

फोनची झुंबड उडाली. संगमनेरच्या विजयमालाबाई म्हणाल्या, "आमच्या शेजारी गुजराती घर आहे. ते त्याला सबरस म्हणतात, सगळ्या रसांचा रस. किती छान ना!" कुणी म्हातारा म्हणाला, आमची आई रात्री नुसतं बोट दाखवायची, नावच नाही. एक मावशी म्हणाल्या, आमच्याकडं रात्री सुईचंही नाव घेत नाहीत. मग एक गृहस्थ आले, ते तापूनच. "रेडिओवर असलं खूळ पसरवता? शिकल्या-सवरल्या ना तुम्ही?"

"खूळच आहे, दादा," रेश्मा म्हणाली. "पण ते माझ्या आत्याबाईंचं आहे. तुमच्या घरी कुणाचं काहीच नाही का?"

गृहस्थांचा आवाज खाली आला. मग म्हणाले, "आहे. बायको शनिवारी केस धुवू देत नाही." आणि फोन ठेवला.

"पण ह्या नावाच्या पोटात एक खरी गंमत आहे," रेश्मा म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर तिनं जीभ चावली, कारण ती गंमत नाव घेतल्याशिवाय सांगताच येत नव्हती. झालं! जो तो तेच विचारायला लागला. काय गंमत? सांगा ना! अहो, आमच्याकडं नाही तसलं काही, आमच्यासाठी सांगा! सरांनी कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं 'सांग!!' मॅडमनी घड्याळाकडं बोट केलं, वेळ संपत आली. एक शब्द, फक्त एक शब्द, आणि नोकरी खिशात. समोर शौनकचा आवाज, लोकांचे फोन, आकडे ओरडण्यात गेलेली वर्षं, सगळं एकदम रेश्माच्या डोळ्यांपुढं आलं. तिला रडूच फुटायला आलं.

"नाही सांगता येणार," ती म्हणाली. "माफ करा."

संपलं. तिला वाटलं, संपलं. मॅडमनी शेवटचा फोन जोडला.

"हालू? हालू! रेश्मा हाय का तिथं?"

"बोला," रेश्मा म्हणाली. सवयीनंच पुढं म्हणाली, "आपण कोण बोलताय?"

"मी कोन? अगं, तुझी सासू! करणच्या मोबाईलवरनं बोलती." मागून गल्लीचा गलका येत होता. "ए, गप बसा जरा! हां. काय म्हनत्यात लोकं? सांग म्हनत्यात? न्हाई सांगायचं. दिवा लागलाय. माझ्या सुनंनं एवढ्या लोकांत माझा मान ठिवला, मी बी तिचा ठिवीन. ऐका समदे. उद्या सकाळी ऊन पडलं की सांगंल ती, नाव घिऊन सांगंल. ज्याला ऐकायचंय त्यानं सकाळी रेडू लावून बसावं. अन् रेडूवाल्यांनो, हिला बोलवा सकाळी. न्हाई बोलवलं तर लोकं तुमाला धरत्याल, मला न्हाई. ठिवते."

आणि ठेवला.

 मग यामिनी मॅडम, मोजक्या बोलणाऱ्या यामिनी मॅडम, टेबलावर डोकं ठेवून हसायला लागल्या. फोन थांबेनात, आणि प्रत्येकाचं एकच, "उद्या किती वाजता?" शेवटी मॅडमनीच माईक ओढला आणि सांगितलं, "उद्या सकाळी साडेआठ." लाल दिवा विझल्यावर त्या रेश्माला म्हणाल्या, "लोकांनी परत मागितलं पाहिजे, असं मी म्हणाले होते. मागायला कसं लावायचं ते तुमच्या सासूबाईंना विचारायला हवं." शामकांत सर नुसते येरझाऱ्या घालत होते. "एक्का हातात ठेवून डाव जिंकला! हातात ठेवून!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या टँकरमध्ये पुढं तिघं. करण, रेश्मा आणि ठेवणीतलं लुगडं नेसलेल्या राहीबाई. "तू सांगती का न्हाई ते मी डोळ्यांनी बघनार," त्या म्हणाल्या. स्टुडिओत त्यांना काचेपलीकडं बसवलं, कानाला यंत्र दिलं. ते त्यांनी आधी उलटं घातलं, मग सुलटं.

साडेआठ. बाहेर लख्ख ऊन. रेश्मानं नमस्कारही केला नाही. म्हणाली, "मीठ!"

आणि असं म्हणाली, की रात्रभर कोंडलेलं वासरू सुटावं.

"मीठ, मंडळी! मीठ म्हणजे काय? मूळ शब्द मिष्ट. मिष्टान्नातलं मिष्ट. त्याचं झिजून झिजून मीठ झालं. हिंदीत मीठा म्हणजे गोड, आणि आपलं मीठ म्हणजे खारट. असं का? तर जुन्या काळीही लोक त्याचं खरं नाव घ्यायला कचरत असावेत, असं जाणकार म्हणतात. लवण म्हणायचं नाही, मग काय म्हणायचं? गोड म्हणायचं! कुणीतरी एक आत्याबाई तेव्हाही असणार, दुसरं काय? तिनं पाडलेलं नाव सगळ्या देशावर चाललं. म्हणजे आपण दिवसा बिनधास्त जे नाव घेतो, तेही दिवा लागल्यावरचंच नाव आहे!"

काचेपलीकडं राहीबाईंचं तोंड उघडं ते उघडंच.

कार्यक्रम झाला आणि मॅडमनी तिथल्या तिथं सांगितलं, संध्याकाळचा अर्धा तास रेश्माचा. रेश्मा सरांच्या पाया पडायला वाकते तोच राहीबाई मध्ये, "संध्याकाळचा नको. सकाळचा द्या. संध्याकाळी हिचे निम्मे शब्द घरात ऱ्हात्यात." मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, बरं, सकाळचा. इतकी सरळ नेमणूक त्या रेडिओवर पुन्हा झाली नसेल.

जिना उतरताना रेश्माचे पाय जमिनीला लागत नव्हते. राहीबाईंच्या कपाळाला मात्र आठी. टँकरपाशी येऊन त्या थांबल्या.

"मंजी मी जल्मभर दिवसाबी त्याचं नाव घेतलंच न्हाई व्हय?"

"नाही घेतलं."

"अन् लंकाबाईनं?"

"कुणीच नाही, आत्याबाई."

"मंग त्याचं खरं नाव काय?"

"लवण."

राहीबाई विचारात पडल्या. मग सावकाश मान वर केली. "लवण? अगं बया! ते तर तू काल रातीच बोलली. दिवा लागल्यावर! लवण काय, लोनचं काय, लावन्य काय, समद्यांच्या म्होरं!"

रेश्मा पांढरीफटक पडली. खरंच की! जे टाळायला जीव काढला, तेच मूळ नाव ती काल उत्साहाच्या भरात गावोगाव वाटून बसली होती. तिला एकदम ते दिवाळीचं ताट आठवलं, अर्धवट राहिलेलं. "आत्याबाई," ती म्हणाली, "माझ्या ध्यानातच आलं नाही हो. आईशपथ."

 करणनं टँकर सुरू करायला घातलेला हात तसाच ठेवला.

"सकाळी निघताना मी डबा उघडून बघितला," राहीबाई म्हणाल्या. "काठोकाठ हाय. न्हाई गेलं कुठं."

"नाही गेलं?"

"कसं जाईल? तू त्याला धरूनच बसली हुतीस. माझ्यासाठी नोकरीवर पानी सोडत हुतीस, ते मला दिसत न्हाई का? अशा घरातनं काय जात नसतं." आणि त्यांनी रेश्माच्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला जोरात. मग टँकरच्या पायरीवर पाय ठेवून त्या मागं वळल्या आणि एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "पन लंकाबाईनं इचारलं, तर म्हनायचं, संस्कृत चालतंय."